शून्य, शून्य, दोन

पिकलबॉलचा दुहेरी सामना सुरू होताना सर्व्हिस करणारा खेळाडू तीन आकडे मोठ्याने म्हणतो : "शून्य, शून्य, दोन." पहिला शून्य त्याच्या जोडीच्या गुणांचा, दुसरा समोरच्या जोडीच्या गुणांचा. तिसरा आकडा सर्व्हरचा. जोडीतला पहिला सर्व्हर असेल तर एक, दुसरा असेल तर दोन. इथवर ठीक. पण सामना तर आत्ता सुरू होतोय, कुणी अजून चेंडूला हातही लावलेला नाही, मग हा गडी 'दुसरा' कसा? नवीन शिकणारा प्रत्येक जण हा प्रश्न विचारतो आणि शिकवणारे बहुतेक जण "ते तसंच असतं, चला खेळा" म्हणून वेळ मारून नेतात.

ते तसंच का असतं, याचं उत्तर मात्र मजेशीर आहे. पिकलबॉल हा खेळ १९६५ चा. त्यातला हा 'दोन' त्याहून किमान अर्धशतकाने जुना. आमच्या धंद्यात असल्या गोष्टीला लेगसी कोड म्हणतात : मूळ लिहिणारे कधीच निघून गेलेले असतात, ही ओळ इथे का आहे हे कुणालाच आठवत नसतं, पण ती काढली तर काय कोसळेल याची भीती असल्याने तिला कुणी हात लावत नाही. अशा ओळीच्या मागे मागे गेलं की सगळ्या प्रणालीचा इतिहास हाती लागतो. पिकलबॉलचंही तसंच आहे.

आधी हिशेब समजून घेऊ. पिकलबॉलच्या पारंपरिक पद्धतीत गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या बाजूलाच मिळतो. समोरच्याने रॅली जिंकली तर त्याला गुण नाही, फक्त तुमचा सर्व्हर बाद होतो. दुहेरीत जोडीतल्या दोघांनाही पाळीपाळीने सर्व्हिस मिळते आणि दोघेही बाद झाले की सर्व्हिस पलीकडे जाते. म्हणजे ज्या जोडीला नाणेफेकीत पहिली सर्व्हिस मिळेल तिला दोन सर्व्हरांची भरघोस आघाडी. ती कमी करण्यासाठी तोडगा असा की सामन्याच्या अगदी पहिल्या पाळीत त्या जोडीचा एकच जण सर्व्हिस करेल. तो बाद झाला की लगेच सर्व्हिस समोर. जणू पहिला सर्व्हर आधीच बाद झालाय आणि हा दुसरा आहे. म्हणून 'दोन'.

२००६ पूर्वी बॅडमिंटन खेळलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल, कारण हा नियम जसाच्या तसा बॅडमिंटनचा आहे. तेव्हा बॅडमिंटनमध्येही गुण फक्त सर्व्हिसवर मिळायचे, दुहेरीत दोन्ही खेळाडूंना सर्व्हिस मिळायची आणि सुरुवात करणाऱ्या जोडीला पहिल्या डावात एकच. २००६ मध्ये बॅडमिंटनने २१ गुणांची पद्धत आणली, प्रत्येक रॅलीला गुण देऊ केला आणि तो जुना हिशेब टाकून दिला. टाकून दिलेली वस्तू पिकलबॉलच्या माळ्यावर तशीच राहिली. समगुण असताना उजव्या चौकटीतून सर्व्हिस, तीही तिरकी, तीही कमरेखालून : हे सगळं तिथूनच आलेलं. बॅडमिंटनच्याही मागे जायचं तर लंडनच्या कर्जबाजाऱ्यांच्या तुरुंगांत अठराव्या शतकात भिंतीवर चेंडू मारून खेळल्या जाणाऱ्या रॅकेट्स या खेळात सर्व्हिसवरच गुण देण्याची रीत होती. पण तितकं खोल आज जायला नको.

बॅडमिंटनचं नाव आलं की पुण्याचं नाव येणारच. एकोणिसाव्या शतकाच्या साठ-सत्तरीत हिंदुस्थानातले ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि त्यांच्या बायका मधे जाळी लावून पिसांचं फूल टोलवायला लागल्या. पुण्याच्या छावणीत हा खेळ इतका रुजला की त्याला 'पूना' हेच नाव पडलं आणि १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचे पहिलेवहिले लिखित नियम तिथेच झाले असं मानतात. सुट्टीवर किंवा निवृत्त होऊन मायदेशी परतलेल्या अधिकाऱ्यांनी तो इंग्लंडला नेला आणि ग्लॉस्टरशरमधल्या ड्यूक ऑफ बोफर्टच्या बॅडमिंटन हाउस या वाड्यावरून त्याचं आजचं नाव पडलं. "बॅडमिंटनचा शोध पुण्यात लागला" हे वाक्य आपण मोठ्या अभिमानाने फेकतो, त्यात थोडी अतिशयोक्ती आहे. पिसांचं फूल हवेत झेलत ठेवण्याचा खेळ युरोपात आणि आशियात शतकानुशतकं होता. पुण्याने दिलं ते जाळी आणि नियम यांचं एकत्रीकरण, आणि माझ्या मते खेळाच्या दृष्टीने तेच महत्त्वाचं. फूल हवेत किती वेळ ठेवता येतं ही करमणूक झाली. ते दुसऱ्याच्या हद्दीत पाडणं हा खेळ झाला.

याच काळातली अजून एक गोष्ट पुढच्या कथेसाठी लक्षात ठेवायची आहे. वाऱ्यापावसात पिसांचं फूल भरकटतं, म्हणून त्याऐवजी लोकरीचा चेंडू घेऊन खेळण्याची पद्धतही तेव्हा होती. दक्षिणेत तंजावरच्या बाजूला ती टिकली, वाढली आणि बॉल बॅडमिंटन या नावाने आजही खेळली जाते. म्हणजे बॅडमिंटनच्या मैदानावर फुलाऐवजी चेंडू आणण्याची कल्पना सुचण्यासाठी १९६५ ची वाट पाहावी लागली नव्हती.

तरीही १९६५ मध्ये जे झालं ते कुणी बॉल बॅडमिंटन बघून केलेलं नव्हतं. अमेरिकेच्या वायव्य टोकाला वॉशिंग्टन राज्यात सिएटल शहर आहे. तिथून फेरीबोटीने अर्ध्या-पाऊण तासावर बेनब्रिज नावाचं बेट लागतं. शहरातली खात्यापित्या घरची मंडळी उन्हाळ्यात तिथल्या आपापल्या घरांत राहायला जात. त्यांतलेच एक जोएल प्रिचर्ड. वय चाळीस, राज्याच्या विधिमंडळात रिपब्लिकन पक्षाचे सदस्य. पुढे ते बारा वर्षं अमेरिकी काँग्रेसमध्ये आणि मग राज्याचे लेफ्टनंट गव्हर्नर झाले, पण आज त्यांचं नाव घेतलं जातं ते एका शनिवारमुळे. त्या दिवशी ते आणि त्यांचे मित्र बिल बेल गोल्फ खेळून घरी आले, तर पोरं कंटाळून बसलेली. अंगणात बॅडमिंटनचं जुनं डांबरी कोर्ट होतं, पण बॅडमिंटनचा पुरता संच काही सापडेना. मग सापडलं ते घेतलं : टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोकाभोकांचा एक प्लास्टिकचा चेंडू. प्रिचर्ड यांच्या मुलाने पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार त्याने बापाकडे कंटाळ्याची तक्रार केली आणि उत्तर मिळालं ते साधारण असं, की आम्ही लहानपणी खेळ स्वतः तयार करायचो. त्यावर पोरगं म्हणालं, मग करा की आत्ता.

सुरुवातीला जाळी बॅडमिंटनच्याच उंचीवर, म्हणजे पाच फुटांवर होती आणि चेंडू हवेतल्या हवेत टोलवत होते. मग लक्षात आलं की हा चेंडू डांबरावर बऱ्यापैकी उसळतो. टप्पा घेऊन खेळायचं तर जाळी इतकी उंच कशाला? ती खाली आणली, छत्तीस इंचांवर. (आजही बाजूंना ३६ आणि मधोमध ३४ इंच असते.) पुढच्या आठवड्याच्या सुट्टीत बार्नी मॅक्कलम हे तिसरे मित्र आले आणि त्यांनाही नाद लागला. टेबल टेनिसच्या बॅटी तुटायला लागल्यावर मॅक्कलमनी तळघरातल्या करवतीवर प्लायवूडच्या मोठ्या फळ्या कापल्या. नियम तिघांनी मिळून केले आणि ते करताना उद्देश एकच होता : घरातल्या सगळ्यांना एकत्र खेळता आलं पाहिजे.

हा उद्देश वाचायला फार गोड वाटतो. 'सर्व वयोगटांसाठी' हे शब्द आज प्रत्येक क्लबच्या फलकावर असतात आणि प्रत्येक खेळाच्या फलकावर असतात. पण कुठलाही खेळ इच्छेने सर्वांसाठी होत नाही. टेनिसही म्हणायला सर्वांसाठीच आहे. प्रत्यक्षात बारा वर्षांचं पोरगं, त्याचा उंचापुरा बाप आणि सत्तरीची आजी एकाच कोर्टावर उतरले की दहा मिनिटांत बाप एकटाच खेळत असतो. ताकद आणि उंची जिंकते. हे होऊ द्यायचं नसेल तर ताकदीला आणि उंचीला नियमांनी वेसण घालावी लागते. पिकलबॉलने ती तीन ठिकाणी घातली आहे, आणि तिन्ही ठिकाणं नीट बघण्यासारखी आहेत.

पहिली वेसण सर्व्हिसला. हात वरून खाली आणून ठोकायची सर्व्हिस चालत नाही, चेंडू कमरेखालीच लागला पाहिजे. टेनिसमधलं सर्वांत घातक हत्यार इथे दारातच काढून घेतलं जातं.

दुसरी वेसण टप्प्यांची. सर्व्हिस समोरच्याने टप्पा पडल्यावरच घ्यायची आणि त्याचं परतीचं उत्तर सर्व्हिसवाल्यानेही टप्पा पडल्यावरच घ्यायचं. म्हणजे सर्व्हिस करून वाघासारखं जाळीवर झेप घ्यायची सोय नाही. दोन्ही बाजूंना चेंडूवर निदान एकेक फटका बसतोच. नवख्या माणसाला 'मी खेळलो' असं वाटण्यासाठी तेवढं पुरेसं असतं.

तिसरी वेसण म्हणजे 'किचन'. जाळीच्या दोन्ही बाजूंना सात सात फुटांचा पट्टा आहे. त्यात उभं राहून चेंडू हवेतल्या हवेत मारायचा नाही. टप्पा पडला तर खुशाल आत जा, पण व्हॉली नाही. एवढंच नाही, बाहेरून व्हॉली मारली आणि त्या झोकात पाय आत पडला तरी दोष. उंच खेळाडू जाळीला चिकटून उभे राहून वरून चेंडू ठोकायला लागले, की समोरच्यांना काही उरत नसे. त्यावरचा हा इलाज. किचन हे नाव शफलबोर्ड या अमेरिकी खेळातून आलं असं मानतात. तिथेही या नावाचा एक पट्टा असतो आणि त्यात चकती गेली तर गुण कापले जातात.

आता हा पट्टा सात फुटांचाच का? बॅडमिंटनच्या कोर्टावर जाळीपासून साडेसहा फुटांवर एक रेघ असते, सर्व्हिसचं फूल तिच्या पलीकडे पडावं लागतं. बेनब्रिजच्या डांबरावर ती रेघ आधीपासूनच आखलेली होती. पिकलबॉलमध्येही सर्व्हिस त्या पट्ट्याच्या पलीकडे पडावी लागते, म्हणजे रेघेचं जुनं काम चालूच राहिलं, वर एक नवं काम तिला चिकटलं. कोर्टाची लांबी ४४ फूट आणि रुंदी २० फूट, हेही बॅडमिंटनच्या दुहेरीचं माप, इंचाचाही फरक नाही. हे माप कुणी म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांचा विचार करून ठरवलेलं नव्हतं. ते पिसांच्या फुलासाठी ठरलं होतं, कारण फूल त्याहून लांब जातच नाही. त्यात चेंडू येऊन पडला आणि योगायोगाने एका टेनिस कोर्टाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी जागेत मावणारा खेळ तयार झाला. दुहेरीत एका माणसाच्या वाट्याला टेनिसमध्ये सातशे चौरस फूट सांभाळायला येतात, इथे दोनशेवीस. धावपळ कमी होते ती इथे.

चेंडूचीही मदत होते. पिकलबॉलचा चेंडू २२ ते २६ ग्रॅमचा, टेनिसच्या चेंडूच्या निम्म्याहून हलका, आणि त्याला २६ ते ४० भोकं. कितीही जोरात मारला तरी हवा त्याला धरून ठेवते आणि पलीकडे पोचेपर्यंत त्याची रग बरीचशी जिरलेली असते. जोर लावणाऱ्याला जोराचं पूर्ण फळ मिळत नाही. उलट, किचनच्या रेघेवर उभं राहून चेंडू अलगद समोरच्या किचनमध्ये टाकणारा, ज्याला 'डिंक' म्हणतात, तो फटका साधणारी साठीची बाई पंचविशीच्या तगड्या गड्याला रडकुंडीला आणू शकते. कारण डिंक जाळीच्या वर उठत नाही, तोवर तो ठोकता येत नाही, आणि पुढे जाऊन हवेत घेता येत नाही. संयम हे इथे हत्यार होतं, आणि वयाबरोबर जे थोडं वाढतं त्यातलं ते एक आहे.

नावाचीही एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय पिकलबॉलवरचा कुठलाच लेख पुरा होत नाही. लोणच्याशी याचा संबंध नाही. एक कथा अशी की प्रिचर्डांच्या घरी पिकल्स नावाचा कुत्रा होता, तो चेंडू पळवायचा, म्हणून पिकलबॉल. मॅक्कलम हीच कथा सांगत. दुसरी कथा जोएलच्या पत्नी जोन यांची. त्यांना वल्हवण्याच्या शर्यतींचा शौक होता. तिथे मुख्य नावांमध्ये जागा न मिळालेल्या उरल्यासुरल्या वल्हेकऱ्यांची एक नाव शर्यतीत सोडतात, तिला 'पिकल बोट' म्हणतात. इकडून तिकडून गोळा केलेल्या सामानाचा हा खेळ बघून त्यांना ती नाव आठवली. अमेरिकेच्या पिकलबॉल संघटनेने काही वर्षांपूर्वी जुने फोटो आणि साक्षी तपासल्या तेव्हा कुत्रा १९६८ च्या सुमारास जन्मलेला निघाला, म्हणजे कुत्र्याला नाव खेळावरून पडलं. कुत्र्याची गोष्ट जास्त लोकप्रिय राहिली, आणि राहणार. पण उरल्यासुरल्यांची नाव हेच नाव या खेळाला शोभतं.

पुढची वीस-पंचवीस वर्षं फार काही घडलं नाही. १९६७ मध्ये प्रिचर्डांच्या शेजारी मित्राच्या परसात खास पिकलबॉलसाठीचं पहिलं कायमचं कोर्ट झालं. १९७२ मध्ये संस्थापकांनी कंपनी काढून फळ्या-चेंडू विकायला सुरुवात केली. १९७६ मध्ये सिएटलजवळच्या टकविला गावात पहिली ज्ञात स्पर्धा झाली. तीत उतरलेले बरेच जण कॉलेजातले टेनिसपटू होते आणि त्यांना या खेळाची फारशी माहितीच नव्हती. १९८४ मध्ये हौशी खेळाडूंची राष्ट्रीय संघटना आणि नियमपुस्तिका आली. दरम्यान वॉशिंग्टनमधल्या शाळांच्या व्यायामशिक्षकांनी हा खेळ उचलला, कारण कमी जागेत, स्वस्त सामानात, अख्खा वर्ग खेळवता येतो.

या काळातली मला आवडणारी गोष्ट विमानाची आहे. १९७६ च्या त्या स्पर्धेत स्टीव्ह परांटो हा विद्यार्थी एकेरीत दुसरा आला. लाकडी फळ्या जड होत्या, त्याला काहीतरी बरं हवं होतं. त्याचे वडील आर्लन परांटो सिएटलच्या बोइंग कंपनीत औद्योगिक अभियंता होते. प्रवासी विमानांच्या तळपट्ट्यांसाठी वापरतात ते मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी मधे असलेले, वजनाला हलके आणि ताठ तक्ते त्यांना माहीत होते. त्यांतून त्यांनी १९८४ मध्ये पहिली कंपोझिट फळी कापली. पुढे त्यांनी हजारेक फळ्या हातांनी केल्या आणि मग कंपनी विकली. आज दुकानात पंधरा-वीस हजारांना मिळणाऱ्या फळीच्या पोटातही तीच पोळ्याची रचना आहे, साहित्य तेवढं बदललंय. बेनब्रिजच्या तिघांनी माळ्यावरचं सामान वापरलं, यांनी विमानाचं. खेळाचा स्वभाव बदलला नाही.

मग खेळ म्हाताऱ्यांच्या हाती गेला. अमेरिकेत थंडीच्या दिवसांत उत्तरेकडचे निवृत्त लोक चाकांवरची घरं घेऊन ॲरिझोनाच्या उन्हात येऊन राहतात. वॉशिंग्टनहून येणाऱ्यांनी पिकलबॉल सोबत आणला. २००१ मध्ये ॲरिझोनाच्या ज्येष्ठांच्या ऑलिंपिकमध्ये तो दाखल झाला, तेव्हा सरप्राइज नावाच्या गावातल्या अशाच एका तळावर शंभरेक खेळाडू जमले. तोवरची ती सर्वांत मोठी स्पर्धा होती! २००९ मध्ये त्याच राज्यात सर्व वयोगटांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तिला सुमारे चारशे जण. म्हणजे चव्वेचाळीस वर्षांत हा खेळ शाळकरी मुलं आणि आजी-आजोबा या दोन टोकांना धरून चालला होता, मधला तरुण गडी त्याच्याकडे बघून हसत होता.

तरुण आले ते करोनानंतर. उघड्यावर, अंतर राखून, घरासमोरच्या रस्त्यावर खडूने रेघा मारून खेळता येणारा खेळ हवा होता. क्रीडासाहित्याच्या उद्योगसंघटनेच्या पाहणीनुसार २०२१ मध्ये अमेरिकेत ४८ लाख लोक पिकलबॉल खेळत होते, २०२४ मध्ये १ कोटी ९८ लाख. वर्षात एकदा खेळलेलाही यात धरतात, हे लक्षात ठेवून आकडा वाचावा. तरीही वाढ वाढच आहे. मार्च २०२२ मध्ये वॉशिंग्टनने तो आपला अधिकृत राज्यखेळ केला. राज्यपाल जे इन्स्ली यांनी विधेयकावर सही केली ती बेनब्रिजच्या त्या मूळ कोर्टावर.

वाढ झाली तशी भांडणंही आली. एका टेनिस कोर्टात चार पिकलबॉल कोर्टं बसतात, म्हणून नगरपालिका टेनिसच्या रेघा पुसू लागल्या आणि टेनिसवाले चिडले. कडक फळीवर कडक चेंडू आदळला की सुमारे हजार-बाराशे हर्ट्झचा टकटक आवाज होतो. तो नेमका माणसाच्या कानाला टोचणाऱ्या पट्ट्यात येतो. शेजारी कोर्टात गेले, म्हणजे न्यायालयात. आणि गुडघ्यांना सोपा म्हणून नावाजलेल्या या खेळात ज्येष्ठ मंडळी पडायला लागली. डोक्यावरून गेलेला चेंडू घ्यायला उलट पावली पळणं हे सर्वांत वाईट, मनगट मोडतं. २०२३ मध्ये यूबीएस या बँकेच्या विश्लेषकांनी पिकलबॉलच्या दुखापतींचा अमेरिकेतला त्या वर्षाचा वैद्यकीय खर्च २५ ते ५० कोटी डॉलरच्या घरात जाईल असा अंदाज केला होता. सर्व वयोगटांसाठी याचा अर्थ शरीर न तापवता, चालायचे बूट घालून कोर्टावर उतरावं असा होत नाही. मानेला वळवून, पूर्ण फिरून धावायला शिका, हे खरं तर पहिल्या दिवशी शिकवायला हवं.

पण मला यांहून महत्त्वाचं वाटतं ते नियमांचं भांडण. तरुण आणि पैसा आल्यावर त्या तीन वेसणी सैल करण्याचा दबाव येणारच. सर्व्हिस कमरेखालून हवी? ठीक. मग काहींनी सर्व्हिसआधी चेंडूला फळीवर किंवा बोटांत गरागरा फिरवून सोडायला सुरुवात केली. टप्पा पडला की चेंडू भलतीकडेच पळे आणि साधा माणूस हात चोळत बसे. संघटनेने २०२२ मध्ये अर्धी आणि २०२३ मध्ये पुरी बंदी घातली. फळ्यांचंही तेच. चेंडू स्प्रिंगसारखा फेकणाऱ्या फळ्या आल्या, मान्यता मिळाली, मान्यता गेली, खटले झाले. किचन मात्र अजून कुणी हलवू शकलेलं नाही. किचनमध्ये पाय न टाकता बाजूने उडी मारून व्हॉली घेण्याची युक्ती निघाली, तिला एका खेळाडूच्या नावावरून 'अर्नी' म्हणतात. ती मात्र मला बरी वाटते. नियम पाळून केलेली चलाखी आहे आणि ती बघायला मजा येते.

आणि गुणांची पद्धत. टीव्हीला सामना किती वेळ चालेल हे आधी ठाऊक हवं असतं. सर्व्हिसवरच गुण मिळणाऱ्या खेळात ते सांगता येत नाही, दहा दहा मिनिटं गुणफलक हलत नाही. २०२१ मध्ये सुरू झालेल्या मेजर लीग पिकलबॉलने म्हणून प्रत्येक रॅलीला गुण द्यायला सुरुवात केली. २०२५ च्या अधिकृत नियमपुस्तिकेत ही पद्धत प्रायोगिक पर्याय म्हणून आली. बॅडमिंटनने २००६ मध्ये जे केलं तेच हे, कारणही तेच. तसं झालं तर "शून्य, शून्य, दोन" मधला 'दोन' जाईल. मला त्याचं फार दुःख नाही. जुना आहे म्हणून नियम पवित्र होत नाही आणि नवशिक्यांचा गोंधळही वाचेल. पण जुन्या पद्धतीत एक गोष्ट होती : दहा-दोन असे मागे पडलेले आजोबा नुसते बाद न होता अर्धा तास झुंजू शकत, कारण समोरच्याला शेवटचा गुण सर्व्हिसवरच मिळवावा लागे. नव्या पद्धतीत त्यांची एक चूक आणि खेळ खलास.

हिंदुस्थानात हा खेळ आला तो मुंबईच्या सुनील वालावलकर यांच्यामुळे. त्यांनी तो कॅनडात पाहिला, येताना फळ्या आणि चेंडू आणले आणि २००८ मध्ये ऑल इंडिया पिकलबॉल असोसिएशन उभी राहिली. दहा-बारा वर्षं ती चिकाटीची, फार कुणाच्या लक्षात न येणारी कामगिरी होती. मग इथेही स्फोट झाला. २०२५ च्या सुरुवातीला मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या आवारात वर्ल्ड पिकलबॉल लीग झाली, माजी टेनिसपटू गौरव नाटेकर यांच्या पुढाकाराने. पुणे युनायटेड या संघाचे मालक रितेश आणि जेनेलिया देशमुख. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्राच्या क्रीडा मंत्रालयाने राष्ट्रीय महासंघ म्हणून मान्यता दिली ती मात्र इंडियन पिकलबॉल असोसिएशन या दुसऱ्याच, नव्या संघटनेला, आणि जुनी संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेली. आपल्याकडे खेळ मोठा झाल्याची ही एक खात्रीची खूण समजावी.

लीग आणि महासंघ यांच्यापासून लांब, पुण्या-मुंबईच्या गृहसंकुलांत हा खेळ वेगळ्याच वाटेने शिरतोय. तासाला हजार-बाराशे रुपये भाडं घेणारी नवी निळी-हिरवी कोर्टं आहेत, पण बहुतेकांची सुरुवात सोसायटीच्या बॅडमिंटन कोर्टावर होते. सकाळी सातला ज्येष्ठ मंडळी, संध्याकाळी ऑफिसातून आलेली आमच्यासारखी, मधल्या वेळात पोरं. जाळी खांबावरून खाली सरकवतात आणि पिवळी टेप घेऊन किचन आखायला बसतात. मग वाद निघतो. नियमात सात फूट, आणि बॅडमिंटनची रेघ साडेसहावर, आधीच रंगवलेली. सहा इंचांसाठी नवी टेप लावायची, तर बॅडमिंटन खेळणारे काका हरकत घेतात, एवढ्या जवळ दोन रेघा दिसल्या की सर्व्हिस कुठली धरायची कळत नाही म्हणून. बऱ्याच सोसायट्यांत शेवटी टेप लागत नाही. जुन्या रेघेलाच किचन म्हणतात आणि खेळायला लागतात. १९६५ च्या त्या पहिल्या शनिवारी बेनब्रिजच्या डांबरावरही हीच रेघ होती.